तविलशिवाय नादस्वरम

कीळमंगलम, कुंभकोणमजवळ
१७ नोव्हेंबर १९९६

तिरुज्ञानम,

तीन वर्षांनी अण्णाचं पत्र आलं म्हणून अण्णाला पाझर फुटला असं समजू नकोस. काम पडलंय म्हणून लिहितोय. पत्ता तेन्मोळीने दिला. माझी पोटची पोर, पण काकाशी चोरून पत्रव्यवहार ठेवते. घरभेदी कुठली.

देवळात एक यंत्र आलंय. लोखंडी चौकट, त्यात एक नगारा, एक घंटा आणि दोन झांजा. बटण दाबलं की मोटर फिरते आणि सगळं एकदम बडवायला लागतं. ताल नाही, लय नाही, भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली यावं तसा आवाज. विश्वस्त रत्नसभापती मुदलियार ते बघून असे खूश, की जणू नातवाची मुंजच लागली. मला म्हणाले, "उलगनाथा, याला सुतक नाही, ताप नाही, लग्नाचं आमंत्रण नाही. रोज वेळेवर वाजणार."

मी म्हटलं, "ऐया, आमच्या घराण्याने सात पिढ्या या देवासमोर वाजवलंय."

"वाजवलंय ना? मग आता वाजव. तुझा ताफा आहे कुठे?"

तू गेल्यापासून मी भाड्याच्या नादस्वरमवाल्यांवर दिवस काढतोय. पहिला पापनाशमचा, तो वाजवता वाजवता पेंगायचा. दुसऱ्याला सिनेमाच्या गाण्यांशिवाय काही येत नव्हतं, भर आरतीत त्याने नायिकेच्या नाचाचं गाणं लावलं. तो गेल्या महिन्यात पळाला. आता माझा ढोल, माझं तविल, एकटं. नादस्वरमशिवाय तविल म्हणजे नवरीशिवाय वरात.

मुदलियारांनी मुदत दिली आहे. मार्गळी महिन्यातल्या तिरुवादिरैच्या उत्सवाला, नटराज पहाटे बाहेर येतो तेव्हा, पुरा ताफा उभा असेल तर मान आपला. नसेल तर त्या दिवसापासून यंत्र, कायमचं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. एकदा यंत्र बसलं की या गावात पुन्हा कुणी आपल्याला बोलवायचं नाही.

तेव्हा तू ये. मी मुदलियारांना विनवलंय. ते म्हणाले, "तुझ्या भावाने येऊन त्या लग्नाबद्दल माझी माफी मागितली, तर वाजवू दे." एवढंच. ये, वाक, दोन शब्द बोल, मोकळा हो. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा मुहूर्त चुकला होता, रे. राहूकाळ संपायला आठ मिनिटं असताना नवरीच्या गळ्यात ताली बांधली गेली. तू मान हलवलीस, मी ताली बांधायचा गेट्टी मेळम वाजवला. ताफ्याचा म्होरक्या तू, खूण तुझी. मी फक्त तविलवाला.

तेन्मोळी सांगते, मद्रासला हल्ली तू तविल न घेता वाजवतोस. व्हायोलिन आणि मृदंगम घेऊन. बैलाला चमच्याने पेज भरवणं यालाच म्हणत असावेत.

अण्णा

२८ नोव्हेंबर

तिरुज्ञानम,

तुझं कार्ड मिळालं. अख्खं कार्ड कोरं सोडून वर एक ओळ. "अण्णा, माफी कुणी मागायची ते तुला माहीत आहे." सही नाही, वहिनीची चौकशी नाही. मद्रासला गेल्यावर माणूस शाईसुद्धा जपून वापरतो वाटतं. की आता चेन्नई म्हणायचं? सरकारने गावाचं नाव बदललं, तसं तूही बदलून घे एखादं. "शांत नादस्वरम सम्राट" कसं वाटतं?

हसू नकोस, मी पेपरात वाचलंय. तेन्मोळीने आणून दाखवलं. तुझा फोटो, खांद्यावर शाल, समोर तीन माईक. म्हणे तू संगीत सभेत वाजवायच्या आधी भाषण करतोस: "नादस्वरम हे मोठ्यानेच वाजवायचं वाद्य आहे, असा गैरसमज आहे." गैरसमज! आपल्या बापाचं नादस्वरम तीन मैलांवर ऐकू जायचं. लोक त्यावर भात चढवायचे. आणि तू त्याच्या तोंडात कापूस कोंबून मैलापूरच्या बायकांच्या हिऱ्याच्या चमक्यांपुढे बसतोस. मुका कोंबडा पाळल्यासारखं आहे हे. पहाट व्हायची कशी?

आणि ती माणसं! मी त्यांच्या सभांमध्ये तरुणपणी वाजवलंय, विसरलास? आपल्याला कधी बोलवायचे? उद्घाटनाला. सुतार मंडपाला खिळे ठोकत असायचे, सेक्रेटरी हार शोधत असायचा, आणि आपण मंगल वाद्य! त्यांचा खरा कार्यक्रम सुरू झाला की आपल्याला मागच्या दाराने इडली. मांडीवर ताल धरतात तोही निम्मा चुकीचा. तालवाद्याची पाळी आली की अर्धं सभागृह उठून रवा डोसा खायला जातं. मृदंगमवाला बिचारा रिकाम्या खुर्च्यांना हिशेब ऐकवतो. अशा लोकांची दाद तुला गोड लागली. गाढवाला गुळाची चव काय, ही म्हण मी आजवर ऐकणाऱ्यांसाठी वापरायचो. आता वाजवणाऱ्यासाठीही वापरीन.

त्या लग्नाचं म्हणशील तर, ठीक आहे, मान हलवली नसशील. पण कांभोजी राग वाजवताना तुझं डोकं सारखं हलतं. लहानपणापासून हलतं. अप्पा चिंचेच्या फोकाने मारायचे तरी हलायचं. माझी समजूत झाली असेल. माणसाची समजूत होते.

आणि तू त्या दिवशी मुदलियारांसमोर तोंड का नाही उघडलंस? मी म्हटलं, "थंबीने, माझ्या धाकट्याने खूण केली," आणि तू माझ्याकडे बघत राहिलास. बोलायचं होतं ना! गप्प बसलास, दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरलीस आणि आता कार्डं पाठवतोस. तोंड शिवून घेतलेल्या माणसाला कोण काय न्याय देणार?

माफी मागून टाक. तुझं काय जातंय? तू तिकडे सम्राट आहेस. इथे माझा मान जातोय.

अण्णा

९ डिसेंबर

तिरुज्ञानम,

काल सकाळी पेरुमाळ न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. त्याने रेडिओ लावला. तिरुची केंद्र. बाईने तुझं नाव घेतलं आणि वर "तविलशिवाय नादस्वरम, एक अभिनव प्रयोग" असं म्हणाली. मी पेरुमाळला म्हटलं, "बंद कर." तो म्हणाला, "राहू द्या, अण्णाच्चि, तुमचाच भाऊ आहे." हातात त्याच्या वस्तरा, माझा गळा त्याच्यापुढे. वाद घालण्याची वेळ नव्हती.

सुरुवातीचं सगळं मी सोडून देतो. ते व्हायोलिन तुझ्या मागे मागे फिरत होतं, सावकार मागे लागावा तसं. मग तू कांभोजी धरलीस.

आता नीट वाच, कारण हे मी पुन्हा लिहिणार नाही. वरच्या षड्जावर तू उभा राहिलास. अप्पा राहायचे तसा, नजर न हलवता. तिथून गमक घेत खाली आलास, धैवताशी थोडा रेंगाळलास, पंचमावर येऊन टेकलास, आणि थांबलास. तालाची चार अक्षरं थांबलास. आपल्याकडे तिथे तविल बोलतं. नादस्वरमवाला श्वास घेतो, तविलवाला चार बोल टाकून त्याला पुढची वाट मोकळी करून देतो. पोराटोरांनाही ठाऊक असतं. त्या मृदंगमवाल्याला कळलंच नाही. तो हात मांडीवर ठेवून बसला असणार, शिकलेला ना! तू पुन्हा आलास, पुन्हा थांबलास. पाच वेळा. पाचही वेळा नुसती शांतता. ती बाई नंतर म्हणाली, "त्या विरामांमधलं सौंदर्य." सौंदर्य कसलं, बये? ती माझी जागा होती.

मी तसाच उठलो. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबण. पेरुमाळ मागे ओरडतोय, आणि मी भर बाजारातून घरी. तुझ्या वहिनीने बघितलं आणि विचारलं, "भांडण केलंत काय कुणाशी?" मी म्हटलं, "हो. तीन वर्षांपूर्वी."

तुला ठाऊकच आहे, मग लिहायला काय हरकत. तू मान हलवली नव्हतीस. लग्न लावणाऱ्या पंचापकेश शास्त्रींनी मेळमसाठी बोट वर केलं नव्हतं. ते घड्याळाकडे बघत बसले होते, नवरदेव घाम पुसत होता, आणि तू वेळ भरायला म्हणून कांभोजी घेतली होतीस. वेळ भरायला! आणि सगळा मांडव गप्प झाला. स्वयंपाकघरातले आचारी झारे घेऊन दाराशी आले. साड्यांची चर्चा करणाऱ्या बायका गप्प. मी मधे चार बोल टाकले, तर पहिल्या रांगेतला एक म्हातारा वळला, आणि त्याने मला हाताने खूण केली. हळू. माशी वारावी तशी.

मला, उलगनाथनला, हळू!

मग माझ्या हाताने जे केलं ते केलं. गेट्टी मेळम घुमवला, होता नव्हता तेवढा जोर लावून. तुला आठवतंय ना, काय झालं? मेळम ऐकून नवरदेवाने ताली उचलली. बँकेतला कारकून तो, घंटा झाली की उठायचं एवढंच त्याला माहीत. शास्त्री ओरडत होते, "थांबा! अजून नाही!" पण ऐकणार कोण? कुणाचं अशुभ बोलणं ऐकू येऊ नये म्हणून तर मेळम असतो. अक्षता पडल्या, तीन गाठी बसल्या. आणि त्या गोंगाटात तू कांभोजी वाजवतच होतास. सोडली नाहीस, संपवलीस. म्हणून लोकांना वाटलं की चुकलास तू.

मी तसं वाटू दिलं. मुदलियार लालबुंद होऊन आले तेव्हा तुझ्याकडे बोट दाखवलं. झालं लिहून. आता तरी ये.

अण्णा

१६ डिसेंबर, मार्गळी पहिला दिवस

थंबी,

तुझं दुसरं कार्ड. "मला नाही, मुदलियारांना सांग." काटकसरीत प्रगती आहे. पुढच्या खेपेला नुसता पत्ताच लिहून पाठव.

गेलो. तुला वाटलं असेल, म्हातारा जाणार नाही. मलाही तसंच वाटत होतं. तेन्मोळी म्हणाली, "अप्पा, मी येऊ बरोबर?" मी म्हटलं, "मी काय मुलगी बघायला चाललोय?" आणि मग तिला मुदलियारांच्या मिलच्या फाटकापर्यंत नेलीच.

मुदलियार पडवीत पान लावत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तो म्हातारा, त्याचा हात, माझा मेळम, तुझं गप्प बसणं. वाक्य तोडून, मऊ करून सांगायचं मनात होतं. जमलं नाही. बोलायला लागलो की मी तविलसारखाच.

त्यांनी पान तसंच खाली ठेवलं.

"माझ्या पोरीला सासरी काय म्हणतात माहीत आहे तुला?" ते म्हणाले. "राहूकाळवाली. दूध नासलं तरी तिच्यामुळे. सासऱ्याचा पाय मोडला तरी तिच्यामुळे. तीन वर्षं. आणि मी तुझ्या भावाला शिव्या देत बसलो."

"ऐया, चूक झाली."

"चूक माणसाकडून नकळत होते. तुला कुणी हळू म्हटलं म्हणून तू माझ्या पोरीचा मुहूर्त घालवलास."

आयुष्यभर मी लोकांना नावं ठेवली. पापनाशमचा पेंगणारा, सिनेमावाला, मद्रासचे डोसेवाले, तू. त्या पडवीत उभा असताना मला एकही नाव आठवेना, जे मला लागू पडत नव्हतं.

त्यांनी निकाल दिला. त्यांच्या मुलीच्या सासरी मी स्वतः जायचं आणि हेच सगळं तिच्या सासूसमोर बोलायचं. ते परवा करून आलो. सासू म्हणाली, "असं होय," आणि मला ताक दिलं. ती पोर दाराआड उभी होती. निघताना बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "ती कांभोजी फार छान होती, मामा. मला शेवटपर्यंत ऐकायची होती."

दुसरं, यंत्र परत जाईल, पण तुझ्यासाठी. तिरुवादिरैला तू वाजवायचंस. मान आपल्या घराण्याचाच, पण तुझ्या नावाने. तविलला मात्र मी नाही. "या देवळात तू पुन्हा तविल खांद्याला लावायचं नाहीस," म्हणाले. स्वामीमलैचा कुणी चिदंबरनाथन आहे, त्याला बोलावलंय. मी ऐकलंय त्याला. चटणी वाटावी तसं वाजवतो. पण हात स्वच्छ आहे, असं लोक म्हणतात. लोक काय, काहीही म्हणतात.

तेव्हा तू ये. माफी मागायला नको, वाकायला नको. माझ्याशी बोलायलाही नको. मी शेजारी नसेन, त्यामुळे तुला अडचणही नाही. नादस्वरमच्या तोंडातला कापूस मात्र मद्रासलाच ठेवून ये. नटराजाला कमी ऐकू येत नाही, पण त्याला दबकं वाजवलेलं आवडत नाही.

अण्णा

२७ डिसेंबर

थंबी,

तू आलास, वाजवलंस, दुपारच्या बसने गेलास. घरी आलास तेव्हा वहिनीच्या हातची तिरुवादिरैची गोड कळी खाल्लीस, तेन्मोळीशी बोललास, माझ्याकडे बघून "बरं आहे ना?" म्हणालास, मी "हं" म्हटलं. साठीच्या आगेमागेची दोन माणसं, आणि चाळीस वर्षांच्या संगतीनंतर एक "हं". म्हणून हे पत्र. तोंडाने मला जमणार नाही.

आधी तक्रारी. त्या चिदंबरनाथनचा काठीचा डावा हात फार जड आहे. काठी म्हणजे कुऱ्हाड नव्हे. तुझ्या पहिल्या दोन जागा त्याने खाल्ल्या. तिसरीला त्याला कळलं आणि चौथीला त्याने मोजकं टाकलं. ते बरं होतं. त्याला सांग, म्हाताऱ्याने बरं म्हटलंय. नाहीतर नको सांगू, डोक्यावर बसेल.

मी लोकांमध्ये उभा होतो, ध्वजस्तंभाच्या पुढे. कडाक्याची थंडी, डोक्याला मफलर, हातात काही नाही. हातांचं काय करावं हेच मला समजेना. बोटांना वाजवायच्या टोप्या नाहीत, खांद्याला पट्टा नाही. शेजारच्या माणसाने विचारलं, "आज वाजवत नाही?" मी म्हटलं, "नाही. आज ऐकायला आलोय." तोंडातून निघून गेलं आणि मग कळलं, हे वाक्य मी जन्मात कधी बोललो नव्हतो.

मग नटराज बाहेर आला आणि तू कांभोजी घेतलीस.

थंबी, नादस्वरमचं तोंड पुढे असतं. हे मला सहासष्टाव्या वर्षी समजलं. तुझ्या शेजारी उभं राहून मला काय ऐकू यायचं सांगू? तुझा श्वास. तोंडातल्या जिवाळीच्या पात्याचा चिरका आवाज. थुंकी. त्याच्यावर माझा स्वतःचा ढणढणाट. बस. मला वाटायचं, हीच कांभोजी. लोक माना का डोलावतात, आचारी झारे घेऊन का बाहेर येतात, मला कधी पटलंच नाही. मी म्हणायचो, मूर्ख आहेत.

समोर उभं राहून मी ती पहिल्यांदा ऐकली. वरच्या षड्जावर तू थांबलास तेव्हा माझ्या पुढे उभी असलेली बाई कडेवरच्या पोराला थोपटायची थांबली. मी पण श्वास घेतला नसावा, कारण नंतर खोकला आला. तेवढ्यात मागे कुणीतरी मोठ्याने बोलायला लागलं. मी वळलो, आणि हाताने खूण केली. हळू.

एवढं लिहिल्यावर तू समजून घे. मला ते शब्दांत मागता येत नाही.

मुदलियारांनी काल बोलावलं होतं. मुलीच्या सासरचं वातावरण निवळलंय म्हणे, सासू आता पाय मोडल्याबद्दल सासऱ्यालाच बोलते. म्हणाले, "झालं ते झालं. पुढच्या वर्षी तविल उचल. तू नि तुझा भाऊ, पूर्वीसारखं."

मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं रुसलो. रुसलो नाही. पुढच्या वर्षी चिदंबरनाथनलाच बोलवा, मला समोर उभं राहायचंय.

अण्णा